वाळूच्या जागेत लॉन, खानापूर रोडवरच्या ह्या नर्सरीचा माझा दोन पावसाळ्यांचा अनुभव

५ पैकी ४ स्टार देतेय. एक स्टार का कापला ते पुढं लिहिलंय. लांबलचक होणार आहे, खरं ज्यांची जागा आमच्यासारखी आहे त्यांनी पूर्ण वाचा, पैसे वाचतील.

आमचं घर खानापुरात, मलप्रभेच्या अंगाला. घरामागं वीस बाय तीसची मोकळी जागा आहे आणि ती सगळी वाळू. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर पटत नाही, कारण खानापूर म्हटलं की कौलं, कुंभारकाम, चिकण माती हेच सगळ्यांच्या डोळ्यासमोर येतं, कुंभारकाम शिकवायचं केंद्र पण आहे इथं. खरं नदीकाठचं तसं नाही, नदीनं वर्षानुवर्षं आणून टाकलेली वाळू आहे आमच्याकडं, आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात पाणी मागच्या कंपाउंडपर्यंत आलं तेव्हा अजून एक थर टाकून गेलं. त्यात घर बांधताना गवंड्यांनी उरलेली वाळू पण तिथंच पसरली. बादलीभर पाणी ओतलं तर रिकामी बादली खाली ठेवेपर्यंत पाणी गायब, वर ओल पण दिसत नाही.

मामंजींची फार इच्छा होती की मागं हिरवं गवत असावं, संध्याकाळी खुर्ची टाकून बसता यावं, नातवंडांनी अनवाणी पळावं. म्हणून पहिल्यांदा आम्ही दुसऱ्या एका ठिकाणाहून मेक्सिकन लॉनचं कार्पेट, म्हणजे मातीसकट कापलेलं तयार गवत, आणून घातलं, लावणीसकट २२ रुपये स्क्वेअर फूट, सहाशे फुटाचे १३,२०० रुपये झाले. ते कोण ते लिहीत नाही, त्यात काय अर्थ नाही. ते लोक सकाळी टेंपो घेऊन आले, वाळू दाताळ्यानं सपाट केली, वर लाल मातीचे कार्पेटचे तुकडे चटईसारखे मांडले, रोलर फिरवला आणि दुपारी जेवायच्या आत गेले पण. दिसायला इतकं भारी दिसत होतं की मामंजींनी त्याच दिवशी चौघा-पाचजणांना चहाला बोलावलं. वीस-पंचवीस दिवसांनी कडा पिवळ्या पडायला लागल्या. आम्ही पाणी वाढवलं, सकाळ संध्याकाळ पाइप धरून. मग मधेच चट्टे आले, काही ठिकाणी गवत वाळलेलं आणि काही ठिकाणी कुजलेलं, एकाच जागेत दोन्ही, हे कसं काय तेच कळेना. फोन केला तर म्हणाले तुमचं पाणी कमी पडतंय. दोन महिन्यांत सगळं गेलं. मामंजी काही बोलले नाहीत, फक्त खुर्ची परत पुढच्या व्हरांड्यात नेऊन ठेवली, ते मला फार लागलं.

मग शेजारच्या वहिनींनी ह्या नर्सरीचं सांगितलं. बेळगावहून खानापूरला येताना देसूर मागं पडलं की रस्त्याला लागून आहे, बाहेर बोर्ड लहान आहे, आंब्या-काजूची रोपं आणि कुंड्या मांडलेल्या दिसतात. काका आणि काकू दोघं मिळून चालवतात, त्यांचा मुलगा अरभावीच्या हॉर्टिकल्चर कॉलेजला शिकून आलाय तो पण असतो. मी जाताना मेलेल्या कार्पेटचा एक तुकडा पिशवीत घालून नेला होता आणि वाटत होतं की हे आता दुसरं महागाचं कार्पेट गळ्यात मारतील.

काकांनी तो तुकडा हातात घेतला, उलटा केला आणि मला म्हणाले, "ताई, हे बघा की ओ." वर इंच-दीड इंच लाल चिकण माती होती, घट्ट वडीसारखी, आणि सगळी मुळं त्या मातीच्या खालच्या अंगाला आडवी पसरलेली, एकमेकांत गुंतून जाळी झालेली, काथ्याच्या पायपुसण्यासारखी. एकही मूळ खाली वाळूत गेलेलं नव्हतं. ते म्हणाले की बारीक कणांची चिकण माती वर आणि जाड कणांची वाळू खाली असा थरावर थर घातला की पाणी वरच्या मातीतच धरून राहतं, माती पूर्ण तुडुंब झाल्याशिवाय खाली वाळूत उतरत नाही. मग एकतर वर चिखल होऊन मुळं कुजतात नाहीतर दोन दिवस पाणी चुकलं की ती इंचभर माती कडक वाळते, आणि खाली मुळंच नसल्यानं गवताला दुसरीकडनं काही मिळत नाही. माझं कुजलेलं आणि वाळलेलं एकाच जागेत का होतं ते तिथं उभ्या उभ्या कळलं. इतके दिवस आम्ही घरातले एकमेकांना तू पाणी घातलं नाहीस, तू जास्त घातलंस असं म्हणत होतो.

मग त्यांनी विचारलं जागेतली माती आणलीय का. आणली नव्हती. म्हणाले आधी माती घेऊन या, मग बघू, आज काही विकत घेऊ नका. आणि खरंच काही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी चार कोपऱ्यातनं वीतभर खोल खणून माती नेली. त्यांनी एक रिकामी पाण्याची बाटली घेतली, तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमटीभर कपड्याची पावडर, झाकण लावून खळाखळा हलवली आणि टेबलावर ठेवली. मी घड्याळ बघत होते, एक मिनिटाच्या आत जवळजवळ सगळं तळाला बसलं. ते बसलेलं सगळं वाळू. वर पाणी थोडं गढूळ राहिलं, त्यातला गाळ दोन-तीन तासात बसतो आणि खरी चिकण माती एक-दोन दिवस घेते म्हणाले. बाटली मी घरी आणली, तिसऱ्या दिवशी बघितलं तर वर नखाच्या जाडीएवढा पण चिकण मातीचा थर नव्हता. ही टेस्ट कुणीही घरी करू शकतं, फुकट आहे, लॉनवर एक रुपया घालायच्या आधी करा.

आता खरं काम. काकांचं म्हणणं असं की वाळूत पाणी टिकत नाही तसंच खत पण टिकत नाही, दोन्ही खाली निघून जातं, म्हणून आधी वरची सहा इंच जागा तयार करायची, गवत नंतर. हिशोब त्यांनी कागदावर करून दिला. सहाशे स्क्वेअर फुटावर दोन इंच कुजलेलं शेणखत म्हणजे बरोबर शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास, एक ट्रेलर. त्यात अर्धा ब्रास तळ्याचा गाळ, आणि निंबोळी पेंडीचं २५ किलोचं एक पोतं, कारण वाळूच्या जमिनीत मुळांना गाठी करणारे सूत्रकृमी जास्त असतात म्हणे. गाळाचं त्यांनी परत परत सांगितलं की वर थर घालून सोडायचा नाही, वाळूत पूर्ण कालवायचा, नाहीतर परत तीच कार्पेटची गोष्ट. मी विचारलं होतं की चिकोडी-संकेश्वर साइडला साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसातला गाळ, स्वस्तात मिळतो तो चालेल काय, तर म्हणाले चालेल खरं चांगला कुजलेला पाहिजे, ताजा आणला तर आत गरम होतो आणि मुळं भाजतात. ओळखीचं नसेल तर शेणखतच बरं. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, पण चौकशी केली मी. ५ किलोची वीट भिजवली की साधारण ७० लिटर होते, एक ब्रास म्हणजे अठ्ठावीसशे लिटरच्या वर, म्हणजे चाळीस विटा लागतील, आणि त्यात खत म्हणून काहीच नसतं. कुंड्यांना वापरा, एवढ्या जागेला नको म्हणाले. स्वतःच्या दुकानात कोकोपीटच्या विटांची थप्पी लावलेली असताना हे सांगितलं त्यांनी.

कार्पेट नकोच म्हणाले. त्याऐवजी सिलेक्शन वन, म्हणजे आपल्या हरळीतलीच निवडलेली बारीक पानाची जात, तिचे धावते कोंब पोत्यानं देतात. उन्हाला, वाळूला ती चालते आणि मुळं खोल जातात. मेक्सिकन दिसायला गादीसारखं असतं खरं लई सावकाश वाढतं, आमच्या जागेला एकदा चट्टा पडला की भरून यायला वर्ष जाईल म्हणाले.

खर्च सांगते म्हणजे अंदाज येईल. शेणखत ४,५०० (ट्रॅक्टरभाड्यासकट), गाळ १,५००, पेंड ९००, कोंबांची ८ पोती प्रत्येकी २५० प्रमाणे २,०००, आणि तीन मावशी दोन दिवस, ४०० रुपये हजेरीनं २,४००. एकूण ११,३००. म्हणजे मेलेल्या कार्पेटपेक्षा कमीच. तुमच्याकडं दर वेगळे असतील.

लावणी आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात केली. काकांचा नियम आहे की खानापूर तालुक्यात एकतर वळवाचे दोन-तीन पाऊस झाल्यावर लगेच लावा नाहीतर सरळ गणपतीनंतर लावा, मधे जुलैच्या झडीत लावलं तर कोंब आणि खत दोन्ही वाहून नदीला. त्या तीन मावशींचं काम बघण्यासारखं होतं. पहिल्या दिवशी खोरं आणि कुदळीनं सहा इंच खाली-वर करून सगळं एकजीव केलं, मूठ दाबली की गोळा व्हायचा आणि बोट लावलं की फुटायचा, तोपर्यंत त्या थांबल्या नाहीत, एका कोपऱ्यात गोळा होईना म्हणून अजून चार बुट्ट्या खत घालून परत कालवलं. दुसऱ्या दिवशी दोरी बांधून, तीन-चार बोटांची जुडी, चार इंचाच्या अंतरानं, कोंबाचा मधला भाग मातीत दाबायचा आणि दोन्ही शेंडे वर. सगळ्यात मोठ्या मावशी म्हणाल्या, "भाताची रोप लावण केलेल्या हाताला ह्यात काय अवघड." आमच्या सासूबाई पण मग पदर खोचून बसल्या त्यांच्यासोबत, त्यांनी माहेरी लावण केलेलीय. दुपारी सगळ्यांनी अंगणातच भाकरी खाल्ली.

गणपतीपर्यंत जवळजवळ सगळी जागा झाकली. पूर्ण नाही, मधे मधे माती दिसत होती, दसऱ्याला भरलं. तुळशीजवळचा एक कोपरा सासूबाईंनी आपल्या गावठी हरळीला ठेवलाय, तिथं कसलंच खत-औषध घालायचं नाही, एकवीस दूर्वांची जुडी तिथनंच निघते.

पाणी आणि खताचं जे शिकवलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण ते कुणी सांगत नाही. पहिला उन्हाळा आला तेव्हा मी घाबरून रोज पाणी घालत होते. काकांना फोन केला तर म्हणाले आधी तुमचा स्प्रिंकलर किती पाणी टाकतो ते मोजा. श्रीखंडाचे पाच रिकामे डबे लॉनवर वेगवेगळ्या जागी ठेवले, स्प्रिंकलर वीस मिनिटं चालवला आणि मुलाची शाळेची पट्टी डब्यात उभी करून बघितलं. स्प्रिंकलरजवळ १४ मिलिमीटर, कंपाउंडच्या कोपऱ्यात ५. तोच कोपरा पिवळा होता! स्प्रिंकलर दोन जागी हलवून हलवून लावायला लागल्यावर सगळीकडं १० च्या आसपास यायला लागलं. सहाशे फुटाला १० मिलिमीटर म्हणजे साडेपाचशे लिटरच्या वर पाणी होतं, एवढं एका वेळेला पुरे, वाळूत ते चार-पाच इंच खाली जातं, त्याच्यावर घातलेलं मुळांच्या खाली जाऊन वाया. काळ्या मातीत आठवड्यातनं एकदा भरपूर दिलं तर चालतं तसं इथं चालत नाही, थोडं थोडं आणि दर तिसऱ्या दिवशी. एप्रिल-मेत एक दिवसाआड. बोअरवर सांभाळून चालवायचं असतंय त्यामुळं हा हिशोब फार उपयोगी पडला, आधी आम्ही ह्याच्या दुप्पट पाणी घालत असू.

खत पण तसंच. युरिया एकदम नाही, पाव किलो, महिन्यातनं दोनदा, सकाळी गवत कोरडं असताना ओल्या वाळूत मिसळून फेकायचा आणि लगेच पाणी. आणि जुलै-ऑगस्टमध्ये अजिबात नाही. हे मी पहिल्यांदा ऐकलं, मला वाटायचं पावसात खत चांगलं लागतं. ते म्हणाले ताई तुमची विहीर किती लांब आहे, मी म्हटलं चाळीसेक फूट, म्हणाले मग वाळूतनं तो युरिया सरळ तुमच्या प्यायच्या पाण्यात जाईल. हे ऐकल्यापासून घरात सगळ्यांना मी सांगून ठेवलंय, पावसात खताचा डबा उघडायचा नाही.

दरवर्षी पाऊस ओसरला की चाळलेलं शेणखत अर्धा सेंटिमीटर पसरून झाडूनं आत ढकलायचं, आमच्या जागेला वीसेक बुट्ट्या लागतात. वाळूत आणि आपल्या उन्हात शेणखत लवकर संपतं, त्यामुळं हे चुकवायचं नाही. कापताना गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापायचं नाही. आम्ही हातानं ढकलायची मशीन घेतलीय, दीड इंचावर ठेवतो, तेवढं बास होतं.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक लिहिलं तर लोकांना खोटं वाटतं आणि मला पण ते बरोबर वाटत नाही.

सगळ्यात मोठी तक्रार लव्हाळ्याची. त्या तळ्याच्या गाळातनं लव्हाळ्याच्या गाठी आल्या. लावणीनंतर पंधरा दिवसांत गवताच्या आधी लव्हाळाच वर. माती तयार केल्यावर दोन-तीन आठवडे नुसतं पाणी मारून तण उगवू द्यायचं, काढायचं आणि मग लावायचं, ही पद्धत त्यांना माहीत होती, मुलानंच नंतर कबूल केलं, खरं पाऊस जवळ आला म्हणून ते टाळलं. मला आधी सांगितलं असतं तर मी मे महिन्याच्या सुरुवातीलाच माती तयार करून घेतली असती. दोन पावसाळे मी रोज सकाळी खुरपं घेऊन बसलेय. वाळूत एक बरं, पाऊस पडून गेल्यावर गाठीसकट उपसून येतो, चिकण मातीत तुटला असता. आता नव्वद टक्के गेलाय. तुम्ही गाळ घेणार असाल तर लावणीच्या महिनाभर आधी घालून घ्या, काका विसरले तर तुम्ही आठवण करा.

दुसरं, आमच्या आंब्याखाली पण सिलेक्शन वन चालेल म्हणून त्यांच्या कामगारानं सांगितलं आणि लावलं. नाही चाललं. ह्या जातीला दिवसभर ऊन पाहिजे, सावलीत विरळ होऊन गेलं. काकांना फोटो पाठवला तर चूक मान्य केली, दुसऱ्या आठवड्यात रुंद पानाचं सावलीचं गवत स्वतः घेऊन आले आणि पैसे घेतले नाहीत. ते आता बरं धरलंय, बुंध्याजवळ तेवढं मोकळं आहे.

तिसरं म्हणजे वेळ. शेणखताचा ट्रेलर उद्या म्हणून चार दिवसांनी आला. फोन उचलत नाहीत दुपारी. पक्कं बिल मागितलं तर काकू वहीतलं पान फाडून देतात. ह्यात सुधारणा झाली तर पाचवा स्टार मी आनंदानं देईन.

काकू स्वतः फुलझाडांचं बघतात, शेवंती आणि मोगऱ्याची रोपं चांगली असतात, पिशवीतली मुळं गुंडाळलेली नसतात. मी चार मोगरे नेले होते, चारही लागले.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, तेव्हा काका निवांत असतात आणि बोलतात. चार कोपऱ्यातली माती वेगवेगळ्या पिशव्यांत न्या, जागेची लांबी-रुंदी मोजून न्या, ऊन किती वाजेपर्यंत असतं ते बघून ठेवा, विहीर किंवा बोअर किती लांब आहे ते पण. कन्नड, मराठी दोन्ही बोलतात त्यामुळं अडचण नाही. सोमवारी बंद असतं.

मामंजींची खुर्ची परत मागं आलीय, सध्या आंब्याच्या त्या सावलीच्या गवतावर असते, चार वाजले की.